परवाना माणसाला की यंत्राला?

आमच्या पिढीतील मंडळींना आठवत असेल. घरात नवा रेडिओ आणला की आधी पोस्टात जावे लागे. तेथे परवान्याचे एक छोटे पुस्तक मिळे आणि दरवर्षी पैसे भरून त्यावर पोस्टाचा शिक्का घ्यावा लागे. तो परवाना बोलण्याचा नव्हे, नुसता ऐकण्याचा! ऐंशीच्या दशकात ती पद्धत संपली. आज नातवंडांना ही गोष्ट सांगितली तर ती हसतात. ऐकण्याचा परवाना गेला, पण बोलण्याचा प्रश्न शिल्लक राहिला. हवेतून बोलायचे असेल तर कोणाला परवानगी लागते, कोणाला लागत नाही आणि असे का, याविषयी आज थोडे बोलू.

निमित्त गोंडपिपरीचे. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी असे करत आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. एका बाजूला वर्धा नदी, दुसऱ्या बाजूला वैनगंगा. तालुक्याच्या टोकाशी या दोघी एकत्र येतात आणि पुढे प्राणहिता होऊन वाहू लागतात. वर्धेपलीकडे तेलंगणा, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा. मधल्या टापूत धानाची शेते, साग, बांबू, मोह आणि अलीकडे पुन्हा वाढलेला वाघाचा वावर. पावसाळ्यापूर्वी तेथे चहाच्या टपरीवर एका खेड्यातील तीन-चार तरुण भेटले. त्यातल्या एकाने मोबाइल पुढे केला. त्यावर चिनी बनावटीच्या वॉकीटॉकीच्या जोडीचे चित्र होते. म्हणाला, ‘‘काका, हे घेतलं तं चालते का? लाइन गेली का टॉवर जाते. बाया मोहफुलं वेचायले जंगलात जाते. वाघ दिसला तं सांगाव कोणाले?’’

प्रश्न साधा होता, पण ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर किंवा २०२२ च्या पावसाळ्यातील पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हा प्रश्न हौसेचा वाटणार नाही. पाणी चढते, रस्ते तुटतात, वीज जाते आणि टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत मान टाकतात. नेमका तेव्हाच बोलण्याची गरज सर्वात अधिक असते.

लहरींचे जंगल

रेडिओच्या लहरी हवेत सेकंदाला लाखो वेळा थरथरतात. सेकंदाला दहा लाख वेळा थरथरणाऱ्या लहरीला आपण एक मेगाहर्ट्झची लहर म्हणतो. एकाच ठिकाणी दोघे एकाच वारंवारतेवर बोलू लागले तर दोघांचेही कोणाला कळत नाही. म्हणून वारंवारतांचे पट्टे पाडून ते वाटून द्यावे लागतात. जगाच्या पातळीवर हे काम जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करतो. त्याने जगाचे तीन विभाग केले असून भारत तिसऱ्या विभागात येतो. आपल्या देशात १९५२ मध्ये स्थापन झालेला बिनतारी नियोजन व समन्वय विभाग, म्हणजे डब्ल्यूपीसी, हे वाटप पाहतो.

आपल्या भागातील माणसाला हे वाटप समजायला कठीण नाही, कारण त्याने जंगलाचे वाटप पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. काही जंगल राखीव. तेथे सरकारखेरीज कोणी हात लावायचा नाही. लहरींमध्ये सैन्य, पोलीस, विमानवाहतूक यांचे पट्टे असे राखीव आहेत. काही जंगलाचा लिलाव होतो, जसे तेंदूपत्त्याचे युनिट. मोबाइल कंपन्या आपले पट्टे लिलावातच घेतात. आणि काही जंगलावर गावाचा निस्तार असतो. घरच्या चुलीपुरते सरपण, कुंपणापुरत्या काड्या आणायच्या, त्यासाठी लिलाव नाही की बोली नाही. मात्र विकायला न्यायचे नाही. लहरींमध्येही असे निस्ताराचे पट्टे आहेत. घरातला वाय-फाय, ब्लूटूथ, मोटारीचे दार उघडणारी किल्ली ही सगळी यंत्रे या निस्तारावर चालतात. ती वापरताना आपण कोणाकडेही अर्ज केलेला नसतो.

कायद्यांचे वयही जवळजवळ सारखे आहे. इंग्रजांनी जंगल राखीव करणारा वन कायदा १८७८ मध्ये केला आणि तारेचा कायदा १८८५ मध्ये. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर विनापरवाना बिनतारी संच नुसता जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. दोन्हीकडे गृहीत एकच होते की मालक सरकार, बाकी सगळे परवानगीने. पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदाही आला. त्यात लिलाव हा वाटपाचा मुख्य मार्ग असून काही ठरावीक कामांसाठी लिलावाविना वाटपाची सोय आहे.

जंगल आणि लहरी यांत एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. तोडलेला साग पुन्हा उभा राहायला अर्धे आयुष्य जाते. लहरी वापरून संपत नाहीत. आपण बोलणे थांबवले की त्याच क्षणी तो पट्टा पुन्हा पूर्वीसारखा रिकामा. म्हणून न वापरलेले जंगल ही ठेव असते, तर न वापरलेला पट्टा हे निव्वळ नुकसान असते.

हौशी मंडळी

आता या जंगलातल्या एका वेगळ्याच वाटसरूकडे वळू. त्याला हौशी रेडिओचालक किंवा हॅम म्हणतात. हा सरकारी नोकर नाही, कंपनी नाही, आणि यातून पैसा मिळवण्याची त्याला मुभाही नाही. तो परीक्षा देतो. वीज व इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे, नियम आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्ट-कड यांत त्याला उत्तीर्ण व्हावे लागते. मग त्याला व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे बोधनाव मिळते. राजीव गांधींचे बोधनाव होते व्हीयू टू आर जी. आपल्याकडे या परवान्याचे नियम १९७८ मध्ये नव्याने झाले. बारा वर्षांच्या मुलालाही ही परीक्षा देता येईल अशी त्यांत सोय होती आणि परीक्षेच्या ठिकाणांत आपल्या नागपूरचेही नाव होते.

हौशी मंडळींना पट्टे कसे मिळाले, ही गोष्ट गमतीची आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा बिनतारी संदेशांचा गोंधळ किती महागात पडतो ते जगाला कळले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना २०० मीटरहून कमी तरंगलांबीच्या लहरींवर हाकलले. त्या काळी या लहरी कुचकामी समजल्या जात. गावाबाहेरची पडीक जमीन द्यावी तशातला हा प्रकार. पण हौशी लोकांनी त्या पडीक जमिनीवर कष्ट केले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका व फ्रान्स यांच्यामधला अटलांटिक महासागर ओलांडून दुतर्फा बोलणे करून दाखवले. लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात आणि हजारो मैल जातात, हे अशा प्रयोगांतून जगाला पटले. मग सगळ्यांनाच ती जमीन हवीशी झाली!

मुंबईकरांना तर हौशी रेडिओचे ऋण विसरता येणार नाही. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा प्रक्षेपक उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओच्या जाणकाराचा हात होता. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. गणित केले तर ही वारंवारता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांचा ४० मीटरचा जो प्रसिद्ध पट्टा आहे, नेमकी त्याच्या आत! युद्धामुळे तेव्हा हौशी परवाने रद्द झालेले होते. पोलिसांनी माग काढत काढत १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील घरावर छापा घातला. राज्यकर्त्यांना न विचारता हवेतून बोलणाऱ्याची धास्ती का वाटते आणि बोलणाऱ्याचा ठिकाणा कसा शोधता येतो, या दोन्ही गोष्टी त्या एका घटनेत दिसतात.

हौशी मंडळींचा खरा उपयोग संकटात दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा. दोन्ही वेळी हौशी रेडिओचालकांनी निरोपांची ने-आण केली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या महिला रेडिओचालक हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या होत्या. अंदमानचे फोन बंद पडल्यावर त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीकडे निरोप जाऊ लागले. असे करता येते, कारण हौशी माणसाला टॉवर लागत नाही. एक संच, एक बॅटरी, झाडाला बांधलेली तार आणि ती कशी बांधायची याचे ज्ञान एवढे पुरते.

सामान्यांचा पट्टा

पण प्रत्येकाला परीक्षा द्यायची नसते. शेतकऱ्याला, ट्रकचालकाला, गिर्यारोहकाला चार शब्द बोलायचे असतात, रेडिओशास्त्र शिकायचे नसते. त्यांचे काय? येथेच हौशी आणि सामान्य यांच्यातली रस्सीखेच सुरू होते.

१९५८ मध्ये अमेरिकेने हौशी लोकांकडून २७ मेगाहर्ट्झजवळचा, म्हणजे ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि सिटिझन्स बँड या नावाने सर्वसामान्यांना दिला. हौशी मंडळी फार रागावली. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत तेथील ट्रकचालकांनी पेट्रोलपंप आणि पोलीस कोठे आहेत ते एकमेकांना कळवण्यासाठी हे संच घेतले आणि त्यांचा देशभर सुळसुळाट झाला. परवाने वाटता वाटता सरकार थकले आणि १९८३ मध्ये तेथे या पट्ट्याचा वैयक्तिक परवानाच रद्द झाला. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. सरकारने दार उघडले नाही, तेव्हा लोकांनी बाहेरून आणलेले बेकायदा संच सर्रास वापरायला सुरुवात केली. शेवटी २ नोव्हेंबर १९८१ रोजी सरकारला कायदेशीर पट्टा द्यावा लागला. गरज खरी असेल आणि कुंपणाला फाटकच ठेवले नसेल, तर माणसे कुंपणावरून उड्या मारतात. जंगलात काय आणि हवेत काय, हे सारखेच.

भारतात निस्ताराचा मोठा दरवाजा २००५ मध्ये उघडला. त्या वर्षी जानेवारीत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला आणि आपल्या घराघरांतल्या वाय-फायला रस्ता मिळाला. त्याच वर्षी २७ मेगाहर्ट्झचा नागरिकांचा पट्टाही पाच वॅटच्या मर्यादेत खुला झाला. २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही छोटी पट्टी कमी शक्तीच्या हातसंचांसाठी मोकळी झाली. पट्टी इवलीशीच आहे, पण साडेबारा किलोहर्ट्झच्या हिशेबाने तीत १६ वाटा बसतात.

आता या सगळ्यामागचे सूत्र पाहा. हौशी माणसाच्या बाबतीत सरकार माणसाची परीक्षा घेते आणि यंत्र त्याच्यावर सोपवते. तो संच स्वतः बांधू शकतो, बदलू शकतो, मोठी शक्ती वापरू शकतो, कारण चूक झाली तर ती ओळखण्याचे ज्ञान त्याला आहे असे आपण मानतो. परवानामुक्त पट्ट्यात नेमके उलटे. तेथे माणसाला कोणी काही विचारत नाही, यंत्राची परीक्षा होते. त्याची शक्ती बांधलेली, त्याच्या वाटा ठरलेल्या, आणि विक्रीपूर्वी त्या प्रकाराच्या संचाला डब्ल्यूपीसीची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे परवाना एक तर माणसाला, नाही तर यंत्राला. दोघांपैकी एकाला तरी शिस्त हवीच.

टपरीवरच्या मुलाने दाखवलेला संच घोटाळ्याचा का, ते यावरून कळेल. ऑनलाइन विकले जाणारे यांतील पुष्कळ संच पाच वॅटचे असतात आणि १३६ ते १७४ किंवा ४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या विस्तृत पट्ट्यात कोठेही बोलू शकतात. म्हणजे यंत्राला शिस्त नाही. घेणाऱ्याने परीक्षा दिलेली नाही, म्हणजे माणसाकडूनही हमी नाही. त्याने सहज बटणे दाबली तर तो हौशी लोकांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरेल, किंवा पोलिसांच्या वा वनखात्याच्या बोलण्यावर पाय देईल, आणि हे त्याला कळणारसुद्धा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीबद्दल ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या आणि मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याचसाठी. गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवर यात आणखी एक भर आहे. नक्षलवाद्यांकडून जप्त होणाऱ्या सामानात वॉकीटॉकी असत, हे आपण वर्षानुवर्षे बातम्यांत वाचले आहे. अशा भागात पोरांच्या हाती बिनमान्यतेचा संच सापडला, तर ‘वाघासाठी घेतला’ हे सांगून पटवायला वेळ लागेल.

कोणाचे गाऱ्हाणे किती खरे?

हौशी मंडळींचे गाऱ्हाणे असे की, आम्ही परीक्षा देऊन, नियम पाळून उभे राहिलो आणि आमच्या अंगणात वाटेल तो येऊन बसतो. यात तथ्य आहे. आपल्या देशात ५७२५ ते ५८४० मेगाहर्ट्झवर हौशी लोकांना दुय्यम हक्काने जागा होती. २०१८ मध्ये ५७२५ ते ५८७५ हा सगळा पट्टा परवानामुक्त झाला. हौशी माणूस अतिशय क्षीण आवाज ऐकण्याची साधना करत असतो. शेजारी शंभर यंत्रे कुजबुजू लागली तर त्याच्या कानावर दूरचा आवाज येत नाही. बाजारात उभे राहून पलीकडच्या टेकडीवरची हाक ऐकण्यासारखे ते आहे.

दुय्यम हक्क म्हणजे काय, तेही येथे सांगतो. आठवडी बाजारात पक्का गाळेवाला असतो, पावती फाडून बसणारा असतो आणि कोपऱ्यात पोते टाकून बसणारा असतो. गाळेवाल्याने सांगितले तर पावतीवाल्याने सरकायचे. पोतेवाल्याने तर कोणीही सांगितले तरी सरकायचे, आणि आपल्याला धक्का लागला म्हणून तक्रार करायची नाही. लहरींच्या बाजारातही प्राथमिक, दुय्यम आणि परवानामुक्त असा हाच क्रम आहे. कागदावर परवानामुक्त माणूस सर्वात खाली. पण त्याची संख्या कोट्यवधी झाली की त्याला उठवणार कोण? म्हणून हौशी लोकांची भीती अगदीच खोटी नाही.

सामान्य माणसाचे गाऱ्हाणेही तितकेच खरे आहे. निस्ताराच्या नावाखाली त्याला मिळालेली जागा बहुतेक करून शहरी घराच्या मापाची आहे. कमी शक्तीचा ४४६ मेगाहर्ट्झचा हातसंच इमारतींच्या वस्तीत किंवा मोकळ्या मैदानात ठीक. पण या लहरींची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर. पावसाने ओथंबलेल्या सागाच्या आणि बांबूच्या रानात त्या पानापानांत जिरतात. किलोमीटर-दीड किलोमीटरवर आवाज तुटू लागला तरी नवल नाही. २७ मेगाहर्ट्झची ११ मीटरची लहर झाडीतून त्यापेक्षा बरी जाते, पण तिला चांगली अँटेना हवी तर ती पावणेतीन मीटरची, म्हणजे खांद्यावर बांबू घेऊन हिंडण्यासारखे! शिवाय सूर्यावरचे डाग वाढतात त्या वर्षांत हीच लहर आकाशावरून परतून हजारो किलोमीटरवरचे भलतेच आवाज आणून टाकते.

बरे, नुसती शक्ती वाढवूनही भागत नाही. उंचीला महत्त्व आहे. हातात धरलेला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. तेथून लहरीचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर येते. तोच शंभर मीटर उंच टेकडीवर नेला तर क्षितिज चाळीस किलोमीटरवर जाते. पोलीस आणि वनखाते टेकड्यांवर रिपीटर बसवतात ते यासाठी. एकट्या-दुकट्या माणसाला ते परवडत नाही आणि परवानामुक्त संचांना तशी सोय नाही.

येथे एक पोकळी दिसते. हौशी परवाना एकेका माणसाचा असतो. तो गावाला वापरायला देता येत नाही आणि रोजच्या कामधंद्याची बोलणी त्यावर चालत नाहीत. स्वतःच्या कामापुरते जाळे उभारण्याचा जो परवाना खाती आणि संस्था घेतात, त्याचे अर्ज, शुल्क आणि मंजुऱ्या खेड्याच्या आवाक्याबाहेरच्या. परवानामुक्त संच जंगलात पुरत नाही. एकटा माणूस आणि मोठी संस्था यांच्या मधले गाव लहरींच्या हिशेबात कोठेच नाही.

जंगलाच्या हिशेबातही ते एके काळी नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र बदलले. गडचिरोलीतील मेंढा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आपल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, कोणी तोडायचा, हिशेब कसा ठेवायचा, हे नियम गावाने बसून केले. गावाला हक्क दिला तर जंगल संपेल अशी भीती अनेकांना होती. पण हक्काबरोबर राखणीची जबाबदारीही गावाने उचलली.

लहरींचाही असा एखादा सामूहिक पट्टा का असू नये? मी काही मोठे मागत नाही. मोबाइलच्या लिलावातला महागडा पट्टा नको, हौशी लोकांचे अंगणही नको. वनजिल्ह्यांत एखादी अरुंद वाट, तीवर मान्यताप्राप्त संच, त्यांच्यावर गावाचे नाव, ग्रामसभेकडे संचांची नोंदवही, टेकडीवर एक रिपीटर आणि तो सांभाळायला परीक्षा उत्तीर्ण झालेला तालुक्यातला एक हौशी रेडिओचालक. असे केले तर यंत्राला शिस्त राहील, माणसाची परीक्षा झालेली असेल आणि पोलिसांना कोण बोलतो आहे ते ठाऊक असेल. मुंबईत जो पट्टा गर्दीने फुटतो तोच गोंडपिपरीच्या रानात दिवसभर मुका असतो. देशभर एकच माप लावण्याऐवजी जागा पाहून माप लावले, तर कोणाचे काही न काढता पुष्कळ देता येईल.

हौशी मंडळींनाही माझे सांगणे आहे. पट्टे टिकवायचे असतील तर नुसते कुंपण घालून भागणार नाही. ज्या जमिनीवर कोणी दिसत नाही ती आज ना उद्या दुसऱ्याला दिली जाते. चंद्रपूर, गडचिरोलीच्या महाविद्यालयांत, आश्रमशाळांत जाऊन वर्षाला पाच-दहा मुले परीक्षेला बसवली, तर पुराच्या रात्री त्यांचा उपयोग होईल आणि हौशी पट्ट्यांना गावागावांत पाठीराखे मिळतील.

आणि टपरीवरच्या त्या मुलाला काय सांगितले? त्याला म्हटले, ‘‘बाळा, हा संच घेऊ नकोस. घ्यायचाच तर ४४६ मेगाहर्ट्झचा, डब्ल्यूपीसीची मान्यता असलेला घे. दुकानदाराकडे त्या मान्यतेचा कागद माग. तो किलोमीटरभरच चालेल, म्हणून मोहफुले वेचणाऱ्यांच्या टोळ्या तेवढ्याच अंतरावर ठेवा आणि मध्ये एक निरोप्या उभा करा. वनरक्षकाला आधी कळवून ठेवा. आणि तुमच्यापैकी ज्याला विज्ञानाची आवड असेल त्याला हौशी परीक्षेला बसवा.’’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘काका, परीक्षा मराठीत रायते का?’’

या प्रश्नावर मात्र मी गप्प झालो. पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. परवाना माणसाला द्यायचा ठरवले, तर त्या माणसाला त्याच्या भाषेत शिकवण्याची जबाबदारी कोणाची? माझ्यासारख्या ज्यांना हे थोडेफार येते त्यांची, असे मला वाटते. म्हणून येत्या हिवाळ्यात, धान घरात आले की, त्या गावी जाऊन आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायची असे ठरवले आहे. पहिल्या दिवशी झाडाला तार कशी बांधायची ते दाखवीन. बोलण्याआधी ऐकावे कसे, ते त्यातच आले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)